बोनेरची बॅग

डीनी वोल्टरिंकनं ती बातमी केस वाळवायच्या यंत्राखाली बसून सांगितली, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

गावात केस कापायचं दुकान अन्याचं. तिथलं यंत्र तिच्या सासूच्या वेळचं. डोक्यावर ओढून घेतलं की असं घरघरायचं की म्हणे एकदा शेजारच्या चर्चची घंटा वाजून वाजून तडकली, तरी आत बसलेल्या बाईला पत्ता नव्हता. खाली बसलेलीला वाटायचं आपण कुजबुजतोय, आणि रस्त्यापलीकडच्या बेकरीत पाव कापणारा सुरी थांबवून ऐकायचा. डीनी भाचीच्या लग्नासाठी केस करून घ्यायला गेली होती. त्याच सकाळी तिच्या मुलीला, योरीनला, कॉलेजकडून कळलं होतं आणि डीनीच्या पोटात ते मावत नव्हतं.

"आमची योरीन बोनेरला चाललीय," डीनी कुजबुजली. "अख्खा हिवाळा. गाढवा-बकऱ्यांच्या दवाखान्यात काम शिकायला. परीक्षेत धरतात ते."

बेकरीतल्या रांगेनं माना वळवल्या. बोनेर म्हणजे ते समुद्रापलीकडचं गरम बेट ना? वोल्टरिंकांची पोरगी? ती तर दोन्ही वेळा दूध काढते.

डीनीनं मनात सगळं नीट ठरवलेलं होतं. घरी जायचं, सफरचंदाचा केक लावायचा, आणि संध्याकाळचं दूध झालं की केक घेऊन लान्सिंकांच्या मागच्या दारी जायचं. पण केक ओव्हनमध्ये जायच्या आधीच बातमी पेंडीच्या लॉरीवर चढली, सगळं शिवार फिरली आणि एग्बर्ट लान्सिंकच्या अंगणात उतरली.

एग्बर्ट त्यांचा पहिला शेजारी. आमच्या ट्वेंटे भागात पहिला शेजारी निवडता येत नाही, तो घरासोबतच येतो, छपरासारखा. घरात जन्म झाला, मरण आलं, कुणी दूर चाललं, तर ते घरच्यांच्या तोंडून, मागच्या दारानं, सगळ्यांच्या आधी त्याला कळायला हवं. मग तो कॉफीचा पेला खाली ठेवतो आणि म्हणतो, "बरं. मग गाईंचं मी बघतो." मागायचं कुणी नसतं. मागितलं की तो शेजारी राहत नाही, मजूर होतो. आपण फक्त सांगायचं, बोलायचं त्यानं.

आणि योरीनचं सगळं जाणं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं. तिचा बाप बेरेंड, त्याचा उजवा खांदा गंजलेल्या फाटकासारखा वाजायचा. हात कानाच्या वर जायचा नाही आणि ऑपरेशनची तारीख पुढं पुढं सरकत होती. एग्बर्टनं आपल्या गाई दोन वर्षांपूर्वीच विकल्या होत्या. त्याचे हात अजूनही पहाटे त्याच्या आधी उठतात आणि गोठ्याकडं निघतात, मग मलाच ओढून आणावे लागतात, असं त्याची बायको मीन सांगायची.

संध्याकाळी डीनी केक घेऊन गेली. मीननं "ये" म्हटलं, पण खुर्ची ओढली नाही. एग्बर्ट टेबलाशी चष्मा लावून बियाण्यांचा कॅटलॉग बघत होता.

"एग्बर्ट, एक सांगायचं होतं."

"योरीन बोनेरला चाललीय," एग्बर्ट पान उलटत म्हणाला. "ऑक्टोबर संपता संपता. विमानानं. गाढवांचं बघायला."

डीनी केक धरून उभी राहिली.

"पेंडवाला सांगत होता. त्याला बेकरीत कळलं. बेकरीला कुठनं कळलं, ते मी विचारलं नाही."

"मी आज सांगायलाच येणार होते रे. हा बघ केक..."

"दिसतोय केक."

मीननं केक कापला, इतका पातळ की त्यातनं खिडकीबाहेरचा नांगर दिसत होता. एक एक पेला कॉफी झाली. दुसऱ्यांदा किटली फिरली नाही. डीनी त्या वाक्याची वाट बघत बसली. भिंतीवरचं घड्याळ एवढं मोठ्यानं चाललं होतं की एखाद्याला वाटावं तेच काहीतरी बोलणार.

"लांब आहे," शेवटी एग्बर्ट म्हणाला.

"हो. लांब आहे," डीनी म्हणाली, आणि रिकामी ताटली घेऊन घरी आली.

"म्हणाला का?" बेरेंडनं विचारलं.

"नाही."

"म्हणेल. त्याला वेळ लागतो. मीनला मागणी घालायला गेला तेव्हा कुंपणाशी उभा राहून राहून त्याच्या टोपीत चिमणीनं घरटं केलं होतं."

डीनी हसली नाही. केस अजून कडक उभे होते तिचे, डोक्यावर दुसऱ्या कुणाचं तरी डोकं ठेवल्यासारखे.

मग बॅग आली. पिवळीधमक, चाकांची. बेरेंड म्हणाला, "यात वासरू जाईल." ती पुढच्या बैठकीच्या खोलीत उघडी ठेवली. त्या खोलीत एरवी कुणी बसत नसे, आणि तिच्यापलीकडचं पुढचं दार तर आजोबांची शवपेटी बाहेर काढल्यापासून उघडलेलं नव्हतं. आमच्याकडं पुढच्या दारानं नवरी येते आणि मढं जातं, बाकी सगळे मागून. योरीन रोज काहीतरी त्या बॅगेत टाकायची. सँडल, उन्हाचं मलम, गाढवांच्या खुरांवरचं जाड पुस्तक, पोहायचे कपडे. दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीतरी काढायची आणि पुन्हा तेच टाकायची. तालुक्याला जाऊन प्रवासाच्या लसी टोचून आली तर दंड धरून विव्हळत होती.

"मेंढीला टोचताना तिला म्हणतेस, हलू नको. आता तू कशाला हलतेस?" बेरेंड म्हणाला.

"मेंढीला लोकर असते, बाबा."

बेटावरची बोली शिकायची म्हणून ती दूध काढताना गाईंशी तीच बोलायची. दूध काढायचा खड्डा छातीइतका खोल. माणूस खाली उभा, दोन्ही बाजूंना वर गाई, त्यांच्या कासा अगदी डोळ्यांसमोर. प्रत्येक गाय आत आली की योरीन म्हणायची, "बॉन दिया." म्हणजे तिकडचा नमस्कार. आठवडाभरात थोरल्या बेर्ताला त्याची अशी सवय लागली की तिला बॉन दिया म्हटल्याशिवाय ती पान्हाच सोडेना. बेरेंडनं एकदा न म्हणता यंत्राचे पेले लावले, तर बेर्तानं मान वळवून त्याच्याकडं असं बघितलं, जणू ती तिकडं जन्मली होती आणि हा परदेशी होता.

"हिचं तिकीट काढ," बेरेंड म्हणाला, "आणि तू राहा इथं."

त्यावर तिघंही हसली. घरात हसण्यासारखं तेवढंच शेवटचं झालं.

सप्टेंबरात हवा ओल्या घोंगड्यासारखी अंगावर बसली आणि खळग्यांमधून चिलटं उठली. ती इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, कानाला ऐकू येत नाहीत, नुसती कातडीला कळतात. आधी मेंढा आजारला. तोंडातून लाळेच्या तारा, थोबाड सुजून दुप्पट, आणि जीभ जांभळी होऊन दातांबाहेर आलेली. ती आत घ्यायला जागाच नव्हती. खुरांच्या वर लाल पट्टा उठला, मग तो गुडघ्यांवर चालायला लागला. डॉक्टर आल्या, ताप बघितला, वेदनेचं इंजेक्शन दिलं.

"लस?" योरीननं विचारलं.

"निळ्या जिभेच्या रोगाची ही नवी जात, हिच्यावर अजून निघाली नाही. तू माणूस आहेस म्हणून नशीबवान, तुला टोचता तरी येतं," डॉक्टर म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. त्यांना पुढच्या गोठ्यावर जायचं होतं, आणि त्याच्या पुढच्याही.

योरीननं बॅगेतून मच्छरदाणी काढली. बोनेरसाठी घेतलेली, पांढरी, वरती कडी असलेली. ती तिनं मेंढ्यांच्या कोंडवाड्यावर ताणली, कडा विटांनी दाबल्या, आणि आत तिची पाळलेली मेंढी ठेवली, जिला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. कोंडवाडा लग्नाच्या मांडवासारखा दिसायला लागला. डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी जाळीला बोट लावलं.

"ही डासांची आहे, पोरी. चिलटं यातनं आरपार जातात."

योरीननं ती काढली नाही. मेंढी गेली तेव्हासुद्धा तशीच ताणलेली होती. डीनी आणि योरीननं मेंढीला ढकलगाडीत घालून रस्त्याकडेला नेलं आणि मेलेली जनावरं उचलणाऱ्या लॉरीसाठी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ठेवलं. झाकणाला ती मावत नव्हती. लॉरीवाला म्हणाला, असा मोसम त्यानं बघितला नाही. एवढी जनावरं उचलली की त्याच्या स्वप्नात आता मेंढ्याच त्याला उचलून नेतात.

मग गाईंवर आलं. दूध अर्ध्यावर आलं. नाकावर खपल्या, पायांत लंगड, आणि सड उन्हात तापलेल्या पत्र्यासारखे. पेला लागला की गाय थरथरायची आणि लाथ झाडायची. योरीन कोमट पाण्यानं कास पुसायची, बॉन दिया म्हणायची, मलम चोपडायची, मग पेला. खड्ड्यात शेण, लाळ आणि जंतुनाशकाचा वास असा दाटला होता की पावाच्या तुकड्यालाही तोच वास यायचा. हात चिरले होते तिचे. बॅगेतलं उन्हाचं मलम ती चिरांना लावायला लागली.

ऑक्टोबर लागल्यावर एका पहाटे एका तरुण गाईनं लाथ झाडली ती बेरेंडच्या त्याच खांद्यावर. आवाज डीनीला वर अंगणात ऐकू आला. बेरेंड ओरडला नाही, नुसता खड्ड्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आता हे फाटक मोडलं." दवाखान्यातून तो हात छातीला बांधून आला. अख्खा हिवाळा तो हात तसाच राहणार होता.

डीनीनं बदली गवळी पाठवणाऱ्या संस्थेला फोन केला. फोनवरची बाई थकलेली होती. "काकू, सगळीकडं हेच चाललंय. माझ्या यादीत माणूस नाही. माझा नवरा पाठवला असता, पण तो शिंपी आहे."

मग राहिला एग्बर्ट.

तो कुंपण छाटत होता. दोन शेतांमधलं ते झुडपांचं कुंपण दरवर्षी तो अर्धं छाटायचा आणि अर्धं बेरेंड. यंदा तो आपल्या अर्ध्यावर येऊन अगदी रेघ मारल्यासारखा थांबला होता. डीनी पलीकडून आली. रात्री पाठ केलेलं सगळं ती विसरली.

"बेरेंडचा खांदा मोडलाय," ती म्हणाली.

"कळलं."

"योरीनचं जाणं आलंय जवळ."

"हो."

कैची एकदा वाजली. डीनीनं बघितलं, त्याचे हात कैचीवर नीट बसत नव्हते. बोटं आपोआप उघडमीट करत होती, सड धरल्यासारखी.

"एग्बर्ट, तू जर..." ती म्हणाली. आणि तिला कळलं, ती मागतेय. मागणं तोंडातून निघालं होतं, आता ते परत आत जाणार नव्हतं. "तू जर येशील का दूध काढायला? आम्ही देऊ काय ते."

एग्बर्टचा चेहरा हळूहळू लाल झाला, मानेपासून वर.

"देऊ," तो म्हणाला. "काय देशील गं डीनी? ताशी किती?" त्यानं कैची खांद्यावर टाकली. "अन्याला सांग की. तिला आधी ठाऊक असतं सगळं. ती येईल कंगवा घेऊन."

तो गेला. डीनी तिथंच उभी राहिली. अर्धं छाटलेलं आणि अर्धं वाढलेलं ते कुंपण, एका बाजूनं दाढी केल्यासारखं, तिच्याकडं बघत राहिलं.

घरात कुणीच योरीनला म्हणालं नाही की राहा. बेरेंड तर रोज म्हणायचा, "तू जा. आम्ही बघतो." आणि म्हणताना डाव्या हातानं चमचा धरून सूप सदऱ्यावर सांडायचा. डीनी म्हणायची, "होईल काहीतरी," आणि खड्ड्यात उतरायची. पण तिचे गुडघे पायरीवरच अडायचे. आई कुठं उभी राहून दम खाते, ते योरीन बघून ठेवत होती. यंत्राच्या मागं, जिथून दिसणार नाही असं आईला वाटायचं, तिथं.

एका दुपारी योरीन फोन घेऊन रस्त्याकडेला गेली, प्लॅस्टिकच्या झाकणापाशी, कारण तिथंच फोन नीट लागायचा. डीनीनं खिडकीतून बघितलं. पोरगी बोलत होती, मान हलवत होती, आणि एक पाय त्या झाकणावर ठेवून उभी होती. झाकणाखाली त्या दिवशी एक वासरू होतं.

जेवताना बटाटे वाढून झाल्यावर ती म्हणाली, "मी कळवलं."

"काय?" बेरेंडनं विचारलं.

"नाही येत म्हणून. जागा लगेच दुसऱ्या मुलीला दिली त्यांनी. ती सरकारी दवाखान्यातल्या कुणाची तरी नात आहे. घोड्यांची भीती वाटते म्हणे तिला."

बेरेंडनं बटाट्यावर रस्सा ओतला. ताटली भरली तरी ओतत राहिला. डीनीनं त्याचा हात धरून भांडं खाली ठेवलं.

"पुढच्या वर्षी..." डीनी म्हणाली.

"पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्षात असेन, आई. तेव्हा काम शिकायला इथलंच कुठलंतरी बघावं लागतं. पेंडीच्या दुकानात घेतात." तिनं पाव मोडला. "बरं असतं तिथं. कोरडं असतं."

रविवारी चर्चनंतर घंटी वाजली. आधी तिघांपैकी कुणालाच कळलं नाही हा आवाज कसला. आजोबांच्या शवपेटीपासून ती घंटी वाजली नव्हती. पुढच्या दाराची.

बेरेंडनं दाराला डावा खांदा लावला. दार ओल खाऊन फुगलं होतं, चौकटीशी लग्न लागल्यासारखं. डीनीनं कडी ओढली, योरीननं बॅग बाजूला सरकवली. दार कुरकुरलं पण हललं नाही.

"मागून या," बेरेंड ओरडला.

"इथंच ठीक आहे," बाहेरून आवाज आला. एग्बर्टचा.

मग टपाल टाकायच्या फटीची झडप वर झाली आणि तिथून काळ्या कोटाची एक पट्टी आणि एक हनुवटी दिसली. आजोबांच्या मरणाला घातलेला तोच कोट.

"तुम्हाला पहिल्यांदा सांगायला आलोय," हनुवटी म्हणाली. "रीतीप्रमाणं. अजून कुणाला ठाऊक नाही, माझ्या भावालाही नाही. आम्ही घर विकलं. मीनला पायऱ्या होत नाहीत. शहरात फ्लॅट घेतलाय, लिफ्टचा. नाताळाआधी जाऊ."

बेरेंडनं दारावरचा खांदा काढला.

"कधी ठरलं?" डीनीनं विचारलं.

"वसंतात ठरत होतं. मी मीनला म्हटलं, एक हिवाळा थांबू. कुठं ना कुठं एक हिवाळा गाई मिळतील." फटीतून जरा वारा आला. "मग रीतीनं काही कुणी आलं नाही. मग सही केली. परवा पेंडवाला म्हणाला, योरीनही जात नाही."

डीनीनं तोंडावर हात ठेवला. हेही तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जे घडत नाही, ते कोण कुणाला सांगायला जातं?

आता त्यांनी बोलायचं होतं. एका पहिल्या शेजाऱ्यानं सांगितलं की दुसऱ्यानं म्हणायचं असतं, आणि ते म्हटल्याशिवाय माणूस दारातून हलत नाही. हनुवटी फटीत थांबली होती. बेरेंडनं डीनीकडं बघितलं. डीनीनं बेरेंडकडं.

"बरं," योरीन म्हणाली. "मग सामान हलवायचं आम्ही बघतो."

"बरं," एग्बर्ट म्हणाला. झडप पडली.

सामान हलवायला योरीन आणि डीनी गेल्या. मीनकडं बॅग नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा कपडे चादरीत बांधून आणले होते, आणि त्यानंतर ती कुठं गेलीच नव्हती. तिला उशांच्या अभ्र्यांत कपडे कोंबताना बघून योरीन घरी गेली आणि पिवळी बॅग ओढत घेऊन आली. ओल्या रस्त्यावर चाकं एवढी खडखडली की रानातले कावळे उठले. तिनं खुरांचं पुस्तक आणि सँडल काढून ठेवले होते. पोहायच्या कपड्यांचं काय केलं ते डीनीला दिसलं नाही.

"ही नवीन आहे गं," मीन म्हणाली. "अजून चिठ्ठी आहे हिला."

"असू दे. घरी पडूनच आहे."

मीननं कपाटाच्या तळातून एक खोकं काढलं. आत गमबूट, दूध काढायला घालतात तसले, पांढरे, कोरे, एकमेकांना दोरीनं बांधलेले. तिनं डीनीकडं बघितलं.

"ऑगस्टात आणले होते त्यानं," ती म्हणाली. "ज्या दिवशी ती पेंडीची लॉरी बातमी घेऊन आली त्याच्या आदल्या दिवशी. योरीनच्या अर्जाचा त्याला सुगावा होताच. म्हणाला, पोरीला मिळणार बघ. तुम्ही कधी येताय म्हणून बघत बसलेला." तिनं बूट पुढं केले. "बेरेंडला होतील का?"

एग्बर्ट दारातून आत आला. त्यानं मीनच्या हातून बूट घेतले, पिवळ्या बॅगेत तळाला घातले, वर मीनचे स्वेटर दाबले आणि चेन ओढली. चेन अडली. योरीन गुडघ्यावर बसली आणि झाकण दाबून धरलं, तेव्हा कुठं ती बंद झाली. शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये, लिफ्टनं वर, खाली गालिचा आहे म्हणतात.

त्या संध्याकाळी खड्ड्यात दोघीच होत्या. थंडी पडल्यावर चिलटं मेली होती. जी जनावरं उरली होती ती उभी राहत होती. बेर्ता आत आली, आपल्या जागी थांबली आणि मान वळवून वाट बघू लागली. योरीननं कास पुसली, पेले लावले. दूध येईना. यंत्र रिकामं ओढत राहिलं. योरीन पुढच्या गाईकडं गेली, तिची कास पुसली.

डीनीनं बेर्ताच्या पोटाला हात लावला. तो शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता.

"बॉन दिया," ती म्हणाली, अगदी हळू.

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाशी योरीनचा हात कासेवर थांबला.

"आई, नको," ती म्हणाली.